परदेशी शिक्षणाची उचल

बीड जिल्ह्याला बाहेर जाणे शिकवावे लागत नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून माणसे सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘कोयता’ म्हणतात आणि हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या रकमेला ‘उचल’. मुस्लिम मोहल्ल्यांतले बाहेर जाणे थोडे निराळे. गवंडी, फिटर, वेल्डर, ड्रायव्हर अशी कामे धरून पोरे पुणे, भिवंडी, मुंब्रा गाठतात. ज्यांचा पासपोर्ट आणि व्हिसा जमला ते सौदी, कतर, दुबईला. घरात एक तरी माणूस बाहेर असल्याशिवाय चूल नीट चालत नाही, अशी इथली कित्येक घरे आहेत.

अलीकडे यात तिसरे बाहेर जाणे आले आहे. शिकायला परदेशी जाणे. बिश्केक, ताश्कंद, बुखारा, तिबिलिसी ही नावे आता बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाईच्या चहाच्या हॉटेलांत ऐकू येतात. त्याहून कमी, पण लंडन, डब्लिन, बर्लिन हीसुद्धा. चौकात फ्लेक्स लागतो. ‘उच्च शिक्षणासाठी परदेशी रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली सौजन्य म्हणून वीस-पंचवीस जणांचे फोटो, त्यात मुलाच्या शिक्षणाला एक रुपया दिलेला क्वचितच कुणी. मुलगा परत आल्याचा फ्लेक्स मात्र मी अजून पाहिलेला नाही.

या जाण्याबद्दल आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. एक अभिमानाचा: पोराने नाव काढले. दुसरा टोमण्याचा: पोरगा गेला, आता कसला येतोय, तिकडचाच झाला. दोन्ही सुरांत एक प्रश्न विचारलाच जात नाही, की पैसा कुठून आला? माझ्या मते परदेशी शिकलेला मुलगा किंवा मुलगी समाजाच्या किती कामी येणार, हे बरेचसे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. नियत, संस्कार, मातीशी नाळ वगैरे गोष्टी त्यानंतर येतात.

आधी एमबीबीएसचे बघू, कारण बीडसाठी परदेशी शिक्षण म्हणजे बहुतेक वेळा तेच असते. कारण उघड आहे. नीटला देशभरातून वीस लाखांहून जास्त मुले बसतात. एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाखाच्या घरात, त्यातल्या निम्म्याच सरकारी. शेजारी लातूर. तिथे दोन वर्षे खोली करून, क्लास लावून, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा परीक्षा देऊन मुलगा थोडक्यात हुकतो. खासगी कॉलेजची फी ऐकून अब्बांना घाम फुटतो. मग एजंट येतो. त्याच्या आकड्यात सहा वर्षांची फी, वसतिगृह, भारतीय जेवणाची मेस, सगळे बसलेले असते आणि तो आकडा इथल्या खासगी कॉलेजपेक्षा बराच कमी असतो. तो खोटेच बोलतो असे नाही. तो अर्धेच बोलतो.

उरलेले अर्धे असे. परदेशातून एमबीबीएस झालेल्या मुलाला भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी करायची तर एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते. ३०० गुणांची परीक्षा, पास व्हायला १५० लागतात, वर्षातून दोनदा होते. निकाल बहुतेक वेळा पाचात एक, फार तर चारात एक असाच लागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम कडक केले: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिकवण्याचे माध्यम इंग्रजी हवे, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि परत आल्यावर भारतात आणखी एक वर्षाची. नीट पास नसेल तर परदेशातली पदवी इथे चालतच नाही, हा नियम २०१८ पासून आहे. शिवाय वर्ग इंग्रजीत असला तरी वॉर्डातला पेशंट किर्गिझ, उझबेक किंवा रशियन बोलतो. ती भाषा मनापासून शिकलेल्या मुलालाच पेशंटकडून काही शिकायला मिळते. बाकीचे वॉर्डात उभे राहून येतात.

यात नशिबाचाही भाग आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा मराठवाड्यातल्या किती घरांत रात्र-रात्र टीव्ही बंद झाला नाही. खारकिव्हमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला. सरकारने ‘ऑपरेशन गंगा’ राबवून हजारो मुले परत आणली, पण शिक्षणाचे काय हा प्रश्न महिनोन्‌महिने लोंबकळला. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले, तेव्हा पुन्हा तीच घालमेल. सहा वर्षांचा करार करताना या गोष्टी कुणी धरत नाही. धरूनही काय करणार?

एवढे सगळे असूनही या जाण्याला मी फसवणूक म्हणणार नाही. जे तरुण जाऊन आले त्यांच्याशी बोलताना काही गोष्टी पुन्हापुन्हा जाणवतात. घरात पाण्याचा ग्लासही स्वतः न घेणारा मुलगा उणे दहा अंशांत बाजारातून कांदे-बटाटे आणून चौघांचा स्वयंपाक करायला शिकलेला असतो. खोलीत एक तेलुगू, एक हरियाणवी, एक केरळचा. मोहल्ला, शाळा, क्लास अशा तीन भिंतींत वाढलेल्या मुलाला इतक्या निरनिराळ्या माणसांशी रोज जमवून घेण्याची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच येते. तिथे त्याला कुणी बीडचा म्हणून ओळखत नाही, जातीने ओळखत नाही. ‘इंदुस’ किंवा ‘इंडियन’ म्हणतात. आणि गंमत म्हणजे, मराठी आपली भाषा आहे हे त्याला तिथेच नीट कळते. घरी दखनी, शाळेत मराठी किंवा उर्दू, क्लासात इंग्रजी अशी ओढाताण असलेला मुलगा परदेशात दुसरा मराठी भेटला की ज्या सुटकेने मराठीत बोलतो, त्या सुटकेचे त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटते.

मुसलमान म्हणूनही काहीतरी घडते, त्याबद्दल आपण कमी बोलतो. आपल्या मोहल्ल्यात ‘ये अपने में नहीं चलता’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येते. उझबेकिस्तान, किर्गिझस्तान मुस्लिमबहुल देश. तिथे त्याला शरीररचना शिकवणारी प्राध्यापक बाई असते, शल्यचिकित्सा शिकवणारीही बाई असते. रुग्णालयात निम्म्याहून जास्त डॉक्टर बाया. सोव्हिएत काळाचा तो वारसा आहे, त्याच्या बऱ्या-वाईट बाजू आहेत. पण मशिदीत शेजारी नमाज पढणाऱ्या माणसाची बायको सर्जन असू शकते आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही, हे डोळ्यांनी पाहणे कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त काम करते. ‘आपल्यात चालत नाही’ यातले ‘आपण’ म्हणजे नेमके किती लोक, हा हिशेब मुलगा तिथे पहिल्यांदा मांडतो.

बुखाऱ्याच्या वैद्यकीय संस्थेत आज भारतीय मुले मोठ्या संख्येने आहेत. हे त्याच इमाम बुखारींचे शहर. वडील लहानपणीच गेले, आईने वाढवले. सोळाच्या आसपास वय असताना आई आणि भावाबरोबर हजला निघाले. ते दोघे परतले आणि हे इल्मासाठी मागे राहिले. मग बसरा, कूफा, बगदाद, शाम. एका विधवा आईने पोराला परमुलखात सोडून एकटे परतण्याचा निर्णय घेतला होता, ही गोष्ट आमच्या जलशांतून कधी सांगितली जात नाही. सांगितले जाते ते ‘इल्मासाठी चीनलाही जा’ हे. हदीसच्या जाणकारांनी ते वचन कमकुवत ठरवलेले आहे, तरी वक्त्यांचे त्याशिवाय भागत नाही.

आता पैशाकडे. इथे मराठवाड्याचा स्वतःचा इतिहास आठवावा लागतो. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. शिकायचे तर हैदराबाद, आणि १९१८ नंतर उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ. संस्थानच्या पैशावर मुले विलायतेलाही गेली. सरोजिनी नायडू अशाच निजामाच्या शिष्यवृत्तीवर १८९५ मध्ये इंग्लंडला गेल्या होत्या. पण हा लाभ हैदराबाद शहराच्या आणि दरबाराच्या जवळ असलेल्यांचा. बीड, पाटोदा, आष्टीच्या रयतेपर्यंत त्यातले फारसे काही पोचले नाही. पोलीस ॲक्शननंतर इथला जो थोडाफार शिकलेला मुस्लिम वर्ग होता, त्यातले बरेच जण हैदराबादला गेले, काही पाकिस्तानात. मागे राहिला तो कारागीर, छोटा शेतकरी, मजूर.

या उजाड भागात उच्च शिक्षण आणणाऱ्यांत दोन माणसे बाहेरून आली आणि दोघेही परदेशात शिकलेले होते. पहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केले, तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या दलितांच्या किती पिढ्या त्यातून उभ्या राहिल्या, हे सांगायला नको. दुसरे डॉ. रफिक झकेरिया. मूळचे नालासोपाऱ्याचे, लंडन विद्यापीठाचे पीएच.डी., बॅरिस्टर. १९६२ मध्ये औरंगाबादमधून आमदार झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे मौलाना आझाद कॉलेज सुरू झाले. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांतली पहिली पदवीधर पिढी शोधायला निघालात तर त्या कॉलेजची वाट टाळता येणार नाही. झकेरियांच्या राजकारणाबद्दल कुणाचे काही मत असो, कॉलेज उभे आहे.

बाबासाहेबांच्या बाबतीत पैशाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती या नजरेने वाचली जात नाही. १९१३ मध्ये ते कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. परत येऊन बडोद्याची नोकरी करायची, असा करार होता. ते आले, नोकरीवर रुजूही झाले. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही, म्हणून ती नोकरी सुटली. पुढे लंडनचे अर्धवट शिक्षण पुरे करायला १९२० मध्ये गेले तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले पैसे. यात कुठेही व्याजाने पैसा देणारी बँक नाही. शिष्यवृत्ती होती, दोस्ताचे उसने होते आणि राजाची मदत होती. अशा पैशावर शिकलेला माणूस परत येऊन आपल्या मनाचे काम करू शकतो. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ काढू शकतो.

याच्या समोर आजच्या बीडच्या मुलाचा हिशेब ठेवा. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवे असेल तर बँक तारण मागते. तारण कुठले? घर गुंठेवारीतले, त्याला एनए नाही. जमीन असलीच तर कित्येकदा इनामाची. दर्ग्याच्या, मशिदीच्या खिदमतीपोटी मिळालेली खिदमतमाश जमीन वक्फची असते, ती तारण ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. मग अम्मीचे दागिने, मामूंनी सौदीहून पाठवलेले पैसे, भिशी, रस्त्याकडेचा प्लॉट आणि शेवटी महिना तीन टक्क्यांचा खासगी सावकार. मी या सगळ्याला उचल म्हणतो. ऊसतोड मजुराने घेतलेली उचल हंगामभर राबून फेडायची असते. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधले जायचे. परदेशी शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यावरही तसेच ओझे असते. इंग्लंडमध्ये त्याला आठवड्याला २० तास काम करण्याची परवानगी असते. तो गोदामात, हॉटेलात राबतो, वर्गात पेंगतो. पदवी मिळाल्यावर बीडला परत येऊन शिकवावे, शाळा काढावी, दवाखाना टाकावा असे त्याला वाटलेच तरी पौंडात घेतलेले कर्ज रुपयांत फिटत नाही. त्याला तिथेच राहावे लागते. त्याला स्वार्थी म्हणणाऱ्यांनी त्याच्या अब्बांचा सावकाराकडचा कागद एकदा वाचावा.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारे गावचा राजू केंद्रे. मुक्त विद्यापीठातून पदवी, मग टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूर केंद्रात शिक्षण. तुळजापूर म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या सोआसमध्ये शिकला. चेव्हनिंगची अटच आहे, की शिक्षण संपल्यावर निदान दोन वर्षे मायदेशी परत यायचे. त्याची ‘एकलव्य’ ही यवतमाळची संस्था त्याआधीच सुरू झाली होती. आज ती ग्रामीण, दलित, आदिवासी, भटक्या घरांतल्या पहिल्या पिढीच्या मुलांना देशातल्या आणि परदेशातल्या विद्यापीठांपर्यंत पोचवते. अर्ज कसा लिहायचा, स्वतःबद्दलचा निबंध कसा लिहायचा, कुणाचे शिफारसपत्र घ्यायचे, आयईएलटीएसची तयारी कशी करायची. ही माहिती पुण्या-मुंबईच्या घरांत जेवणाच्या टेबलावर मिळते. यवतमाळ-बीडच्या मुलाला ती कुणी सांगत नाही. परदेशी शिक्षणाचा समाजावरचा परिणाम म्हणतात तो मला इथे दिसतो. एकाने वाट पाहिली आणि मागच्यांसाठी ती नकाशावर काढून ठेवली. मुस्लिम समाजात असे काम करणारे लोक आहेत, पण एवढ्या चिकाटीने, जिल्ह्या-जिल्ह्यात, वर्षानुवर्षे चालवलेली रचना मला दिसत नाही.

सरकारने काय केले? केंद्राची ‘पढो परदेश’ नावाची योजना होती. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांनी परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढले तर शिकत असतानाच्या काळातले व्याज सरकार भरायचे. व्याज ज्यांना धर्माच्या दृष्टीने टोचते, त्यांच्यासाठी ही फारच उपयोगी गोष्ट होती. ती २०२२-२३ पासून बंद झाली. त्याच सुमारास संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही बंद. कारण असे दिले, की दुसऱ्या योजनांशी तिची सरमिसळ होते. राज्याने अनुसूचित जातींसाठी २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेशी शिष्यवृत्ती चालवली आहे, त्यात ७५ जागा असतात. ओबीसींसाठी २०१८ मध्ये अवघ्या १० जागांनी सुरुवात झाली, पुढे त्या वाढल्या. अल्पसंख्याकांसाठी अशी योजना यायला २०२४ उजाडले. जागा २७. संपूर्ण राज्याला, सगळ्या अल्पसंख्याक समाजांना मिळून. जगातल्या पहिल्या २०० विद्यापीठांत प्रवेश हवा, ही अट. २७ हा आकडा थट्टेसारखा आहे, हे म्हणायला मी मागेपुढे पाहणार नाही. पण बीड जिल्ह्यातून त्या २७ जागांसाठी किती अर्ज गेले, हाही प्रश्न आपण एकमेकांना विचारला पाहिजे.

ओबीसींच्या योजनेबद्दल आमच्या लोकांना बहुधा ठाऊकच नसते. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी, मण्यार अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसी यादीत आहेत. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी उभ्या केलेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीची ती कमाई. १९९४ च्या शासन निर्णयाने तिला कागद मिळाला. या चळवळीच्या सभांना खुद्द दिलीपकुमार येत असत, हे नव्या पिढीला सांगितले तर खरे वाटत नाही. म्हणजे त्या बिरादऱ्यांतल्या मुलामुलींना ओबीसी परदेशी शिष्यवृत्तीचे दार उघडे आहे. अडते ते जातीच्या दाखल्यावर आणि त्याच्या पडताळणीवर. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला असतो तो उर्दूत, खासरा-पाहणीच्या नोंदी उर्दूत, आणि उर्दू वाचणारा कारकून तहसिलात आता शोधून सापडत नाही. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यातली हीच निजामकालीन दप्तरे उघडली गेली, उर्दू-मोडी जाणणाऱ्यांना एकदम भाव आला. आमच्या मोहल्ल्यांत उर्दू वाचणारे निवृत्त मास्तर आहेत. गावोगावचे हे कागद वाचून, त्यांचा मराठी अनुवाद करून द्यायला त्यांच्याशिवाय दुसरे कोण आहे? प्रवेशाचे पत्र हातात आल्यावर दाखल्यासाठी पळापळ केली तर दाखला येईपर्यंत वर्ग सुरू झालेले असतात.

समाजाच्या स्वतःच्या पैशाबद्दल बोलणे नाजूक असते, तरी बोलतो. रमजानमध्ये पावतीपुस्तके घेऊन फिरणाऱ्यांना बीडसारखे गरीब शहरसुद्धा रिकाम्या हाती पाठवत नाही. जकातीचा पैसा कुणाला द्यावा, याची आठ खाती सांगितलेली आहेत, त्यांत कर्जात बुडालेला आहे आणि वाटसरूही आहे. सावकाराच्या कर्जावर परमुलखात शिकणारी मुलगी या खात्यांत बसते की नाही, हे उलेमांनी बसून ठरवावे, फतवा देणे माझे काम नाही. पण तो प्रश्न त्यांच्यासमोर नीट मांडलाच गेलेला नाही. आणि जकात नको असेल तर कर्ज-ए-हसना आहे. बिनव्याजी, फेडीची घाई नसलेले कर्ज. नवल भथेनांनी जे केले त्याला आमच्याकडे चौदाशे वर्षांपासून नाव आहे. एका लग्नात मंडप, बिर्याणी आणि जहेज मिळून जेवढा खर्च होतो, त्यात इथला एखादा मुलगा जर्मनीत पहिले वर्ष काढू शकतो, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फीच नाही, राहण्या-खाण्याचाच खर्च. हे सांगितले की लोक मान डोलावतात आणि पुढच्या लग्नाचे कार्ड पुढे करतात.

लग्नावरून मुलींचा विषय निघतो. बीड जिल्ह्यात कमी वयात लग्ने किती होतात, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने (२०१९-२१) दाखवले आहे: वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचे लग्न अठराच्या आत झालेले. हा आकडा सगळ्या समाजांचा मिळून आहे, ऊसतोडीचा त्यात मोठा वाटा आहे आणि मुस्लिम घरे त्याला अपवाद नाहीत. अशा जिल्ह्यातून मुलगी एकटी ताश्कंदला शिकायला जाते, तेव्हा ती तिच्या मागे असलेल्या चुलत-मामे बहिणींचे वय दोन-तीन वर्षांनी वाढवून जाते. तिच्या नावाने घरात वाद घालता येतो. ‘रुखसाना आपा गई ना’, असे म्हणता येते. नाव मी बदलले आहे, पण हे वाक्य मी ऐकलेले आहे.

आणि ही काही आजची नवलाई नाही. मुंबईच्या अतिया फैजी १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी गेल्या. तब्येत बिघडल्याने अभ्यासक्रम अर्धा टाकून परतल्या. पण तिथे असताना लिहिलेली त्यांची रोजनिशी लाहोरच्या बायकांच्या उर्दू नियतकालिकात छापली जात होती. पदवी मिळाली नाही, तरी त्या काळच्या पडद्यातल्या वाचक बायकांनी लंडनचे वर्ग, वाचनालये, आगगाड्या त्यांच्या डोळ्यांनी पाहिल्या. आजच्या मुली रील बनवतात. मी रीलला नावे ठेवत नाही, पण कुणीतरी बसून लिहावे, मराठीत लिहावे. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात काय रडू आले, हलाल मटण कुठे मिळाले, परीक्षेत तोंडी प्रश्न कसे विचारतात, पहिला मृतदेह पाहिल्यावर काय वाटले. गेवराईच्या अकरावीतल्या मुलीला याचा जो उपयोग होईल तो एजंटच्या माहितीपत्रकाचा होणार नाही.

परत आलेल्यांशी आपण कसे वागतो, तेही बघण्यासारखे आहे. मुलगा सहा वर्षांनी येतो. मोठ्यांसमोर मत मांडतो, रांगेत उभे राहायला सांगतो, सभेत ‘हा खर्च कशावर झाला’ असे विचारतो. लगेच शेरा: बदल गया. बदलायलाच तर पाठवले होते ना? घर विकून पाठवायचे आणि तो पूर्वीसारखाच परत यावा अशी अपेक्षा धरायची, हे अजब आहे. एफएमजीई पहिल्यांदा नापास झाला की ‘पैसे पाण्यात’ म्हणून त्याला घराबाहेर तोंड दाखवणे अवघड करायचे, हे आणखी अजब. या परीक्षेची तयारी दोन-तीन प्रयत्न मागते. त्या काळात अशा मुलांना बसायला जागा, वाचायला पुस्तके आणि एकमेकांची सोबत लागते. बीडमध्ये अशी पाच-दहा मुले एका खोलीत रोज बसली तरी निकालात फरक पडेल. खोली मशिदीच्या बाजूच्या हॉलमध्येही होऊ शकते. तो हॉल निकाह नसेल तेव्हा रिकामाच असतो.

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की एजंटांच्या कार्यालयांत पाय ठेवायला जागा नसते. ज्यांच्या घरी या वर्षी हा प्रसंग येणार आहे, त्यांनी बयाणा देण्याआधी काही गोष्टी लेखी मागाव्यात. त्या कॉलेजचा एफएमजीईचा निकाल काय? राष्ट्रीय परीक्षा मंडळाने देशनिहाय आणि कॉलेजनिहाय निकाल प्रसिद्ध केलेले आहेत, एजंटच्या तोंडाकडे बघत बसण्याची गरज नाही. अभ्यासक्रम ५४ महिन्यांचा आहे का आणि इंटर्नशिप त्याच संस्थेत होते का? पहिल्या वर्षात स्थानिक भाषा शिकवतात का? फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरता येते की एजंटच्याच? आणि तिथे आत्ता शिकत असलेल्या दोन मुलांचे नंबर. एजंटने दिलेले नकोत, स्वतः शोधलेले. ज्यांना डॉक्टर व्हायचे नाही, पदव्युत्तर शिक्षणासाठी जायचे आहे, त्यांनी जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट ही कामे पदवीच्या दुसऱ्या वर्षातच उरकावीत. उर्दू कागद वाचून हवा असेल तर आपल्याच गल्लीतल्या निवृत्त मास्तरांकडे असरच्या नमाजनंतर जावे, ते घरीच असतात.